मायबोलीला मैफलीत बसवणारा माणूस : लाझार वाइनर आणि यिद्दिश आर्ट साँग

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि तेव्हापासून भाषा जगते कशी नि मरते कशी यावर आपल्याकडे सतत बोललं जातंय. अशा बोलण्यात कुणीतरी हमखास यिद्दिशचं उदाहरण देतं. "बघा, यिद्दिश कशी संपली, तशी आपली गत होईल." मग पुढचा विचारतो, यिद्दिश म्हणजे ज्यूंची भाषा ना, म्हणजे हिब्रूच ना, ती तर इस्राएलमध्ये जोरात चालू आहे की. तिसरा म्हणतो ती जर्मनची बोली आहे. आणि चर्चा तिथेच अडकते.

मी हार्मोनियम वाजवते, भावगीतांच्या कार्यक्रमांना साथ करते, त्यामुळे यिद्दिशकडे मी भाषेच्या दारातून आले नाही, गाण्याच्या दारातून आले. एक गायिका, एक पियानो, आणि तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. शब्द एकही कळला नाही पण सूर असे होते की मी जागच्या जागी थांबले, कारण कोमल रे वरून शुद्ध ग वर जाणारी ती वाट माझ्या बोटांना चांगली माहीत होती. संगीतकाराचं नाव लाझार वाइनर. नंतर दोन-तीन वर्षं मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले, ऐकत गेले, आणि आता वाटतं की यिद्दिशचं काय झालं हे समजून घ्यायचं असेल तर याच्या आयुष्यावरून ते जितकं नीट कळतं तितकं आकड्यांवरून कळत नाही.

आधी हे मिटवू : यिद्दिश म्हणजे हिब्रू नव्हे

हिब्रू ही ज्यूंची धर्मग्रंथांची भाषा. आपल्याकडे संस्कृतला जे स्थान, साधारण ते. पूजा-प्रार्थना, शास्त्र, पाठांतर सगळं तिच्यात. पण बाजारात वांग्याचा भाव कोण संस्कृतात विचारतं? तसंच युरोपातले ज्यू घरात, बाजारात, भांडणात, अंगाईत जी भाषा वापरायचे ती यिद्दिश. साधारण हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या काठच्या ज्यू वस्त्यांमध्ये ती आकाराला आली, तेव्हाच्या जर्मन बोलीतून, आणि मग हे लोक पूर्वेकडे पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे सरकत गेले तशी तिच्यात स्लाव्ह भाषांची भर पडली. लिपी मात्र हिब्रू, उजवीकडून डावीकडे.

एक छोटं वाक्य घेऊ. "दी बोबे एस्ट चोलंट अफ शाबेस." म्हणजे आजी शब्बाथच्या दिवशी, ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चोलंट खाते. यातली "बोबे" म्हणजे आजी, हा शब्द स्लाव्ह. "एस्ट" म्हणजे खाते, हा जर्मन. "चोलंट" हा जुन्या फ्रेंचकडून आलेला. आणि "शाबेस" हिब्रू. (चोलंट म्हणजे मांस, कडधान्य, बटाटे घालून रात्रभर मंद आचेवर ठेवलेलं कालवण, कारण शब्बाथला चूल पेटवायची नसते.) सहा शब्दांच्या वाक्यात चार घरं. हे वाचून कुणी "मग ही भाषा कसली, खिचडी आहे" म्हणणार असेल तर त्याने "साहेबांनी पगार खुर्चीवर ठेवला" हे वाक्य बघावं. साहेब अरबी, पगार पोर्तुगीज, खुर्ची अरबी-फारसीतून आलेली, आणि वाक्य शंभर टक्के मराठी.

यिद्दिशला तिचेच शिकलेले लोक कितीतरी वर्षं "झार्गोन" म्हणायचे, म्हणजे गावंढळ, मोडकीतोडकी बोली. आणि प्रेमाने बोलायचे तेव्हा तिचं नाव "मामे-लोशन". मामे म्हणजे आई, लोशन म्हणजे जीभ किंवा भाषा. मायबोली! अगदी शब्दाला शब्द. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि हो, आपल्या बेने इस्राएल लोकांचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंचा, यिद्दिशशी काही संबंध नाही. ठाण्यात आमच्या ओळखीच्या एक काकू होत्या, त्या घरात मराठीच बोलायच्या, मलिद्याचं ताट करायच्या, त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तर बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. त्यांची मायबोली मराठी. यिद्दिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची. ज्यू म्हणजे एक भाषा असं समीकरण कधी नव्हतंच.

आर्ट साँग म्हणजे नक्की काय

हा दुसरा गोंधळात टाकणारा शब्द. नावावरून वाटतं काहीतरी अवघड, उच्चभ्रू. तसं नाहीये.

भावगीत डोळ्यासमोर आणा. कवीने कविता आधीच लिहिलेली असते, चालीसाठी नाही, कविता म्हणून. संगीतकार ती वाचतो, त्याला काहीतरी दिसतं, आणि तो तिला चाल लावतो. आर्ट साँग तिथूनच सुरू होतं. फरक दोन. एक म्हणजे सगळं लिहिलेलं असतं, प्रत्येक स्वर, प्रत्येक थांबा, कुठे हळू कुठे मोठ्याने, गायकाने आयत्या वेळी हरकत-मुरकी घ्यायची नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, पियानो हा साथीदार नसतो तर जोडीदार असतो. आम्ही हार्मोनियमवाले गायकाच्या मागे सावलीसारखे जातो, ते वेगळं. इथे पियानो स्वतःचं काहीतरी सांगतो, कधी गायक म्हणतोय त्याच्या उलटसुद्धा. शब्द म्हणतात "मी शांत आहे" आणि पियानोचा डावा हात खाली धडधडत असतो.

हा प्रकार जर्मन भाषेत एकोणिसाव्या शतकात बहरला, शूबर्ट नावाच्या माणसाने एकतिसाव्या वर्षी मरायच्या आत सहाशेच्या वर अशी गाणी केली. मग रशियन, फ्रेंच, सगळ्यांनी आपापल्या भाषेत केली. यिद्दिशमध्ये लोकगीतं होती, पोत्याने होती. नाटकातली गाणी होती, न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर यिद्दिश थिएटरांची रांगच होती आणि तिथली गाणी लोक रस्त्यात गुणगुणायचे. पण उत्तम कविता घेऊन तिच्यावर पियानो आणि आवाजाची अशी नक्षी करायची, हे काम फार थोड्यांनी केलं, आणि सगळ्यात चिकाटीने, आयुष्यभर, वाइनरने.

चेर्कासी, कीव आणि जहाज

लाझारचा जन्म १८९७ चा, युक्रेनमधल्या चेर्कासी गावचा. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य. ज्यूंनी साम्राज्यात कुठे राहायचं याची सरकारने पट्टी आखून दिलेली होती आणि गंमत अशी की कीव शहर त्या पट्टीच्या मधोमध असूनही तिथे राहायला ज्यूंना खास परवाना लागायचा. ऑक्टोबर १९०५ मध्ये कीवमध्ये ज्यूंविरुद्ध मोठी दंगल झाली, घरं-दुकानं लुटली, माणसं मारली, लाझार तेव्हा आठ वर्षांचा. १९१३ मध्ये याच शहरात बेइलिस नावाच्या एका साध्या ज्यू कामगारावर ख्रिश्चन मुलाचा धार्मिक विधीसाठी खून केल्याचा आरोप ठेवून खटला चालवला गेला, जगभर गाजला, आणि तो निर्दोष सुटला. हवा कशी होती ते यावरून कळावं.

आणि त्याच शहरात हा पोरगा गात होता. कीवमध्ये ब्रॉड्स्की सिनेगॉग म्हणून मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, साखरसम्राट ब्रॉड्स्कीने बांधलेलं, तिथल्या समूहात तो लहानपणी गायचा, आणि ऑपेरातल्या मुलांच्या कोरसमध्येही. मग कीवच्या संगीत विद्यालयात पियानो शिकला. म्हणजे एका कानात प्रार्थनेचे सूर, दुसऱ्या कानात रशियन ऑपेरा. घरची भाषा यिद्दिश पण मनाने तो रशियन कलाकार व्हायला निघालेला, त्याचं साहित्य रशियन, त्याचं संगीत रशियन. यिद्दिशमध्ये मोठी कविता असते हे त्याच्या गावीही नव्हतं.

१९१४ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला आलं. १८८१ पासून १९१४ पर्यंत पूर्व युरोपातून साधारण वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले, त्या लाटेच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि रस्ताच बंद झाला.

न्यूयॉर्कमध्ये भेटलेली स्वतःची भाषा

सतरा वर्षांच्या पियानो येणाऱ्या मुलाला तिथे काय काम मिळणार? मूकपटांच्या थिएटरात पडद्याकडे बघत पियानो वाजवायचा. मग गाणं शिकवणाऱ्यांच्या स्टुडिओत साथ करायची. हे दुसरं काम त्याच्या फार उपयोगी पडलं असं मला साथीदार म्हणून खात्रीने वाटतं, कारण गायक श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर आवाज उघडतो नि कुठल्यावर चिरकतो, हे पुस्तकातून शिकता येत नाही, रोज शेजारी बसूनच कळतं.

आणि मग ती भेट. ब्रुकलिनमध्ये एक हौशी वादकांचा ऑर्केस्ट्रा होता, वाइनर त्याचा कंडक्टर झाला. त्यात व्हायोलिन वाजवणारा एक जण होता नाखुम बोरुख मिन्कोव, आणि हा मिन्कोव यिद्दिश कवी होता. साधासुधा नाही, १९१९-२० च्या सुमाराला ज्या तीन तरुणांनी "इन झिख", म्हणजे "आपल्या आत", या नावाची नव्या कवितेची चळवळ काढली त्यातला एक. त्याने वाइनरला आपल्या मंडळींत नेलं. कीवहून निघालेल्या मुलाला आपल्या आईच्या भाषेतलं आधुनिक साहित्य भेटलं ते अटलांटिक ओलांडल्यावर. परदेशी गेलेल्या किती मराठी लोकांचं असं होतं! इथे असताना कवितासंग्रह हातात धरला नाही आणि तिकडे जाऊन महाराष्ट्र मंडळाच्या लायब्ररीत भेटला.

हे कवी कोण होते बघा. मानी लेब चपला-बूट करायचा. झिशे लांडाउ घरं रंगवायचा. एच. लेव्हिक भिंतींना वॉलपेपर चिकटवायचा. दिवसभर हाताने राबायचं आणि रात्री कॅफेत बसून कवितेवर भांडायचं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला तेव्हा आपल्या गिरणगावासारखी दाटी होती, कपडे शिवायचे कारखाने, कोंदट खोल्या, संघटना, संप, आणि सगळ्यात पेपर वाचायची भूक. "फोर्व्हर्ट्स" हा यिद्दिश दैनिक पेपर भरात असताना रोज दोन लाखांवर खपायचा. या कवींच्या आधीची पिढी कामगारांसाठी, संपासाठी, मोर्चासाठी लिहायची. यांचं म्हणणं पडलं की आम्ही कामगार आहोतच, पण आमच्या कवितेत आम्हाला पाऊसही पाहिजे, एकटेपणाही पाहिजे. वाइनरला हवं ते नेमकं हेच होतं. मोर्चाच्या गाण्याला पियानोची कुजबूज कशाला लागेल?

शब्द यिद्दिश, पण सूर कुठले?

आता थोडं अवघड, पण हळूहळू जाऊ.

वाइनरची सुरुवातीची गाणी ऐकायला छान पण चेहरा रशियन. यिद्दिश शब्दांना रशियन कोट घातल्यासारखं. त्याने ती योएल एंगेलला पाठवली. एंगेल म्हणजे या क्षेत्रातला ज्येष्ठ. १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ज्यू लोकसंगीताची एक सोसायटी निघाली होती, तिथली मंडळी खेड्यापाड्यांत जाऊन गाणी गोळा करायची आणि त्यातून नवं शास्त्रीय संगीत घडवायचा प्रयत्न करायची, एंगेल त्या विचाराचा अग्रणी. त्याचा सल्ला थोडक्यात असा की बाबा तुझ्यात गुण आहेत, पण आपल्या लोकांच्या संगीतात अजून खोल जा. १९१९ मध्ये याच विचाराचा झिम्रो नावाचा वादकसंच रशियातून सैबेरिया-चीनमार्गे फिरत न्यूयॉर्कला आला आणि कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला, तेही वाइनरने ऐकलं होतं. (रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची ज्यू सुरांवरची प्रसिद्ध रचना याच संचासाठी लिहिलेली.)

खोल जायचं म्हणजे कुठे? तीन विहिरी होत्या. लोकगीतं ही एक. दुसरी म्हणजे हसिदी या ज्यूंमधल्या धार्मिक पंथाचे निगुन, बिनशब्दांचे सूर, "बिम-बाम, आय-आय" करत तासन्‌तास डोलत गायचे. तिसरी सिनेगॉग. तिथे धर्मग्रंथ नुसता वाचत नाहीत, गाऊन वाचतात, आणि प्रत्येक शब्दाच्या वर-खाली बारीक खुणा असतात की हा शब्द कसा उचलायचा, कुठे सोडायचा. वेदांच्या पोथीत अक्षराच्या वर उभी रेघ आणि खाली आडवी रेघ असते ना, स्वरित-अनुदात्ताची, तोच विचार.

आणि प्रार्थनेच्या सुरावटींचे ठरलेले साचे असतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा "फ्रेगिश" म्हणतात तो. त्याचे स्वर लिहिते : सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. हार्मोनियम असेल तर वाजवून बघा. बसंत मुखारीचे स्वर आहेत हे! खालचा अर्धा भैरव, वरचा अर्धा भैरवी. राग एकच आहे असं मी म्हणत नाही, चलन वेगळं, ठहराव वेगळे, पण स्वर तेच. म्हणून माझे कान पहिल्याच ऐकण्यात टवकारले.

आता अडचण बघा. पाश्चात्य संगीतात एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात, त्याला हार्मनी म्हणायचं, आणि तिचे शेकडो वर्षांचे नियम आहेत. ओळ संपवून वरच्या सा वर यायचं तर त्या नियमांना शुद्ध नी लागतो, तोच सा कडे ओढून नेतो. फ्रेगिशमध्ये नी कोमल. म्हणजे नेहमीचा शेवट बसतच नाही. बसवायला गेलात तर सुरावटीचा जीव जातो, जसं एखाद्या नाजूक रागाला शाळेच्या प्रार्थनेसारखे ठोकळे कॉर्ड लावले की होतं तसं. वाइनरने आयुष्यभर हे कोडं सोडवलं. लोकगीताखाली ठोकळे टाकायचे नाहीत, तर त्या सुरांच्या पोटातूनच पियानोचा भाग काढायचा. त्यामुळे त्याची गाणी ऐकताना एखादं लोकगीत नेमकं ओळखू येत नाही, पण ही माणसं कोण आहेत ते ओळखू येतं.

दिवसा पोट, रात्री कविता

गाण्यांवर घर चालत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. १९३० मध्ये तो मॅनहॅटनच्या सेंट्रल सिनेगॉगचा संगीत दिग्दर्शक झाला आणि १९७५ पर्यंत, पंचेचाळीस वर्षं, तिथे राहिला, तिथल्यासाठी हिब्रू प्रार्थनांचं संगीतही केलं. रेडिओवरच्या एका ज्यू धार्मिक कार्यक्रमाचं संगीत बघितलं. ज्यू संगीत शिकवणाऱ्या संस्थांत तरुण गायकांना शिकवलं.

पण मला जास्त भावतो तो त्याचा कामगारांचा कोरस. "आर्बेटर रिंग" ही कामगारांची परस्पर मदतीची संस्था, आजारपणाला पैसे, मयताला दफनाची जागा, पोरांना यिद्दिश शाळा, आणि गायला कोरस. वाइनरने तो तीस वर्षांहून जास्त चालवला. दिवसभर हाताने काम करून आलेली माणसं संध्याकाळी कोट काढून ठेवणार, आणि हा त्यांच्याकडून मोठ्या व्यासपीठाच्या रचना घोटून घेणार. आमच्याकडे भजनी मंडळात गिरणीची पाळी संपवून आलेले लोक पखवाजाला बसायचे, त्यांच्या हाताला येणारं वजन वेगळंच असायचं.

घरातही यिद्दिश होतीच. बायको सारा ही कॅनडातल्या कॅलगरीच्या शुमियाचर कुटुंबातली. तिची बहीण एस्थर यिद्दिश कवयित्री, एस्थरचा नवरा पेरेत्झ हिर्शबाइन नाटककार, आणि ही जोडी जगभर भटकणारी. हिर्शबाइनने तर भारतावर यिद्दिशमध्ये अख्खं प्रवासवर्णन लिहिलंय.

एका गाण्याजवळ बसू

लेव्हिकची एक कविता आहे, "एर्गेत्स वायट". म्हणजे कुठेतरी दूर. लेव्हिकला झारच्या सरकारने क्रांतिकारक म्हणून पकडलं, सक्तमजुरी आणि मग आजन्म सैबेरिया. तिथून तो १९१३ मध्ये पळाला आणि अमेरिकेत पोचून वॉलपेपर चिकटवायला लागला. त्याची ही कविता वाइनरने गाण्यात बांधली.

दोनच कडवी. पहिल्यात : कुठेतरी दूर एक निषिद्ध देश आहे, तिथले डोंगर चंदेरी निळे, अजून कुणाचा पाय न लागलेले, आणि खोल मातीत खजिने पुरलेले, आपली वाट बघत. दुसऱ्यात : कुठेतरी दूर एक कैदी एकटा पडलाय, त्याच्या डोक्यावर मावळलेल्या सूर्याचा उजेड विझतोय, आणि कुणीतरी बर्फात गाडला गेलेला भटकतोय, त्याला त्या देशाची वाट सापडत नाही.

आता शब्दाकडे या. पहिल्या कडव्यात खजिने कसे, तर "फारशोटेने". गाडलेले, वरून माती लोटलेले. दुसऱ्या कडव्यात बर्फातला माणूस कसा, तर "फारशोटेनेर". तोच शब्द! खजिना आणि माणूस दोन्ही गाडलेले, एक मातीत एक बर्फात, आणि दोघांची भेट होत नाही. कवीने हे कुठेही बोलून दाखवलेलं नाही, फक्त शब्द पुन्हा ठेवलाय.

यात संगीतकारापुढे काय येतं? ओळींचे शेवट "फारबोटेने", "बात्रोटेने" असे, आघात "बो", "त्रो" वर आणि मागे दोन हलकी अक्षरं घसरत येणारी. सूर जर शेवटच्या अक्षरावर जोर देऊन थांबला तर भाषा मोडली. तो "बो" वर टेकायला हवा आणि पुढची दोन अक्षरं श्वास सोडल्यासारखी विरायला हवीत. वाइनर या बाबतीत हट्टी होता, त्याच्यासाठी बोलण्यातला आघात हाच चालीचा पाया. भावगीतात "कमळ" हा शब्द "क-मऽळ" असा ताणला की आपल्या कानाला कसं खुपतं, तसं त्याला खुपायचं. मला वाटतं हाच त्याचा भाषेबद्दलचा आदर. भाषणं केली नाहीत, प्रत्येक अक्षर जसं आईच्या तोंडून येतं तसं ठेवलं.

"पण ऐकणारेच गेले तर लिहायचं कुणासाठी?"

हा सगळ्यात खरा प्रश्न, आणि टाळून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी जगात एक कोटीच्या वर लोक यिद्दिश बोलत होते. नाझींनी साठ लाख ज्यूंना मारलं, त्यातले बहुसंख्य यिद्दिश बोलणारे. गावंच्या गावं, शाळा, छापखाने, अंगाई गाणाऱ्या बाया, सगळं. सोव्हिएत रशियात जे वाचले तिथे १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री मॉस्कोत तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यात यिद्दिशचे नामांकित कवी-लेखक होते. इस्राएलने हिब्रू धरली आणि यिद्दिशला बाजूला सारलं. आणि अमेरिकेत कुणी मारलं नाही, कुणी बंदी घातली नाही, तिथे पोरं इंग्रजी शाळेत गेली आणि घरी आल्यावर आईने यिद्दिशमध्ये विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. हे शेवटचं वाचताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपलं घर दिसेल.

वाइनरने हे सगळं डोळ्यादेखत बघितलं. ऐकणारे दिवसेंदिवस कमी होत गेले. तरी तो लिहीत राहिला, साठीत, सत्तरीत, शंभराहून जास्त गाणी झाली. आणि ती दिवसेंदिवस सोपी, गोड, आठवणींची झाली असं नाही, उलट जास्त कसदार, जास्त टोकदार होत गेली. आरोन झाइटलिनच्या एका कवितेवरचं त्याचं गाणं आहे, मृत्यूकडे नेले जाणारे ज्यू "मी श्रद्धा ठेवतो" ही जुनी प्रार्थना गात जातात त्यावर. ते ऐकून झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात असं वाटत नाही.

काही जण म्हणतील की हा म्हाताऱ्या माणसाचा हळवेपणा, गेलेल्या गावाची ओढ. मला तसं अजिबात वाटत नाही. गावाची ओढ असती तर त्याने नाटकातली लोकप्रिय गाणी नव्याने सजवून दिली असती, त्यांना गिऱ्हाईक होतं. याने निवडले ते आपल्याच काळातले, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भेटणारे कवी. भाषेला त्याने तसबिरीत बसवलं नाही, तिच्याकडून काम करून घेतलं.

मग यिद्दिश मेली की नाही?

नाही मेली. ब्रुकलिनच्या काही भागांत आणि इस्राएलमध्येही कट्टर धार्मिक हसिदी कुटुंबं आजही घरात यिद्दिशच बोलतात, रस्त्यावर पोरं यिद्दिशमध्ये खेळतात, आणि ही कुटुंबं मोठी असल्यामुळे संख्या वाढतेय. पण त्यांचं जग धर्माचं, लेव्हिकची कविता आणि सभागृहात गाणारी बाई त्या जगात बसत नाही. म्हणजे भाषा आहे तिथे वाइनरची गाणी नाहीत, आणि जे वाइनर गातात त्यांच्यातल्या बहुतेकांना भाषा शब्दकोश घेऊन शिकावी लागते. "भाषा जिवंत आहे का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्यांनी हे जरूर बघावं. आयझॅक बाशेविस सिंगरला १९७८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं ते यिद्दिश लेखनासाठी, न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेल्या.

कुणी विचारतं, हे क्लेझमर का? क्लेझमर म्हणजे लग्नात वाजणारं व्हायोलिन-क्लॅरिनेटचं नाचाचं संगीत, आता जगभर खूप लोकप्रिय. ते वेगळं. लग्नातली सनई आणि दिवाणखान्यातलं भावगीत यात जेवढं अंतर तेवढं, गाव मात्र एकच.

ऐकायचं कसं

आधी अर्थ वाचा, भाषांतर मिळतं. मग एकदा फक्त गायिकेकडे लक्ष देऊन ऐका, आणि दुसऱ्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे. "एर्गेत्स वायट" पासून सुरुवात करा. "फारशोटेने" आणि "फारशोटेनेर" हे दोन शब्द कानाने शोधा, बाकीचं नाही कळलं तरी चालेल.

लाझार वाइनर १९८२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये गेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याचा मुलगा येहुदी, कॅलगरीत १९२९ मध्ये जन्मलेला, तोही संगीतकार झाला, आडनावाचं स्पेलिंग त्याचं वेगळं, आणि २००६ मध्ये त्याच्या पियानो कॉन्चेर्टोला, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेला, पुलित्झर मिळालं. त्याचा रस्ता वेगळा, त्याची भाषा इंग्रजी. पण वडिलांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांत काही ठिकाणी पियानोवर तोच आहे. आता मी ती गाणी लावते तेव्हा गाण्याआधीच्या पियानोच्या सुरांपाशी थोडं थांबते, गायिकेने श्वास घ्यायच्या आधी.